जीवदया आणि ढेंकूण

अहिंसेचा विचार आपल्याकडे बहुधा ताटापाशीं सुरू होतो आणि ताटापाशींच संपतो. मांस खावें कीं खाऊं नये, दूध घ्यावें कीं सोडावें, रेशीम नेसावें कीं नेसूं नये, या प्रश्नांत एक सोय असते. ती वस्तु टाकली म्हणजे आपलें काम झालें. परंतु खाटेच्या सांध्यांत ढेंकूण झाले, गव्हाला कीड लागली, लेंकराच्या केसांत उवा झाल्या किंवा त्याच्या पोटांत जंत झाले, म्हणजे नुसत्या त्यागानें भागत नाहीं. येथें कांहीं न करणें हीहि एक कृतीच ठरते. मारावें तर एक जीव जातो. न मारावें तर कोणाचें तरी रक्त जातें, कोणाची तरी झोंप जाते आणि प्रसंगीं कोणाचा तरी प्राणहि जातो. म्हणून अहिंसेची खरी परीक्षा भोजनगृहांत होत नसून अडगळीच्या खोलींत होते, असें आम्हांस वाटतें.

हा प्रश्न आजकाल अधिक निकडीचा होण्यास एक कारण घडलें आहे. इंग्लंडांत १९४४ सालीं डोनल्ड वॉटसन व त्याचे मित्र यांनीं केवळ मांसच नव्हे, तर दुधासारखे पदार्थहि वर्ज्य मानणाऱ्यांचा एक संघ स्थापिला आणि त्या व्रतास ‘व्हीगन’ असें नांव दिलें. आज तें व्रत मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतूनहि आढळतें. त्या संघानें १९७९ सालीं जी व्याख्या ठरविली, तिच्यांत प्राण्यांची पिळवणूक आणि त्यांचा छळ शक्य व व्यवहार्य असेल तितका टाळावा, अशी मर्यादा मुद्दाम घातलेली आहे. टीकाकार नेमकें या मर्यादेवरच बोट ठेवितात. एक म्हणतो, “दूध सोडलेंत, मग ढेंकूण कसा चिरडतां? तुमचें व्रत म्हणजे ढोंग आहे.” दुसरा, जो स्वतः कडवा व्रतस्थ असतो, तो म्हणतो, “ढेंकूणहि जीवच आहे. चावूं द्या त्याला.” हे दोघे एकमेकांचे शत्रु भासले, तरी त्यांची चूक एकच आहे. अहिंसा म्हणजे मेलेल्या जीवांची बेरीज, अशी दोघांचीहि समजूत असते. ती बेरीज शून्य येत नाहीं असें दिसतांच एक व्रत फेंकून देतो व दुसरा देह फेंकून द्यावयास निघतो, इतकाच काय तो भेद.

ही बेरीज शून्य येत नसते, हें आमच्या जुन्या शास्त्रकारांस पक्कें ठाऊक होतें. ज्या मनुस्मृतीची १९२७ सालीं महाडास होळी झाली आणि जिच्यांतील पुष्कळ वचनें आज कोणाहि न्यायबुद्धीच्या मनुष्यास मान्य होण्यासारखीं नाहींत, तिच्यांतच एक विचार मात्र जपून ठेवण्यासारखा आहे. गृहस्थाच्या घरांत पांच ‘सूना’, म्हणजे पांच वधस्थानें, असतात असें ती सांगते. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा, हीं तीं पांच. खाटकाच्या जागेस जो शब्द लावावयाचा, तोच आपल्या स्वयंपाकघरास लावण्याचें हें धैर्य लहान नव्हे. आणि या दोषाबद्दल जे पंचमहायज्ञ सांगितले, त्यांतील भूतयज्ञांत कुत्रे, कावळे यांच्याबरोबर कृमींसाठींहि अन्नाचा वांटा काढावयाचा असतो. ज्या हातानें केर काढतांना किडे मेले, त्याच हातानें किड्यांसाठीं घांस ठेवावयाचा. यांत हिंसेचें समर्थन नाहीं व तिच्याबद्दल आकांतहि नाहीं. तिचें ऋण मात्र मान्य केलेलें आहे.

जैन विचारवंतांनीं हा विषय अधिक बारकाईनें चिरला. त्यांनीं हिंसेचे चार प्रकार मानिले. मारण्याच्या बुद्धीनें केलेली ती संकल्पी. रांधणें, झाडणें अशा घरकामांत घडणारी ती आरंभी. शेतीसारख्या उपजीविकेच्या उद्योगांत घडणारी ती उद्योगी. आणि स्वतःच्या किंवा आश्रितांच्या रक्षणासाठीं करावी लागणारी ती विरोधी. मुनीनें चारीहि टाळावयाच्या. गृहस्थानें निदान संकल्पी हिंसा तरी पूर्णपणें सोडावयाची. या वर्गवारीनें पुष्कळ उलगडा होतो. परंतु ढेंकणापाशीं येऊन ती अडखळते. ढेंकूण हुडकून, पकडून, जाणूनबुजून मारावा लागतो. म्हणजे कृतीचें रूप संकल्पी हिंसेचें असतें. उलट तिचें कारण पाहिलें, तर निजलेल्या मुलाचें रक्षण हें असतें. म्हणजे तिचा आत्मा विरोधी हिंसेचा असतो. रूप एकीकडे आणि कारण दुसरीकडे, अशा जागीं नुसत्या नांवांनीं निकाल लागत नाहीं. तेथें दुसरी एकादी कसोटी शोधावी लागते.

ती कसोटी आम्हांस एका जुन्या हकीकतींत सांपडते. जेम्स फोर्ब्स नांवाचा एक इंग्रज अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांत नोकरीस होता. त्याचा ‘ओरिएंटल मेम्वार्स’ हा ग्रंथ १८१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सुरतेच्या बनियांनीं चालविलेल्या पशूंच्या इस्पितळाचें वर्णन आहे. तेथील ढेंकूण, पिसवा इत्यादींस रक्त मिळावें म्हणून एकाद्या भिकाऱ्यास मोल देऊन रात्रभर त्यांच्यामध्यें निजवीत, असें तो सांगतो. परक्या प्रवाशाच्या हकीकतींत तिखटमीठ किती, हा वाद येथें नको. नीतीच्या दृष्टीनें ती लाख मोलाची आहे. कारण तिच्यांत दया एकाची, पुण्य एकाचें आणि रक्त मात्र दुसऱ्याचें, हा हिशेब उघडा पडतो. कपोताचा प्राण वांचविण्यासाठीं शिबि राजानें मांडीचें मांस कापून दिलें, म्हणून तो थोर ठरला. त्यानें आपल्या सेवकाच्या मांडीस सुरी लाविली असती तर ती कथा कोणी मुलांस सांगितली नसती. स्वतःचा देह देणें हें औदार्य आहे. दुसऱ्याचा देह देणें हा अन्याय आहे. म्हणून एकादा तपस्वी आपल्या अंथरुणांतले ढेंकूण सोशीत असेल तर त्यास नमस्कार करावा. परंतु जी आई आपल्या व्रतासाठीं लेंकराच्या डोक्यांतल्या उवा राहूं देईल किंवा जंतांनीं पांढरें पडलेलें मूल डोळ्यांपुढें असतां औषध देणार नाहीं, तिच्या अहिंसेची किंमत ती स्वतः देत नसून तें मूल देत आहे.

हीच गोष्ट १९२६ सालीं अहमदाबादेस मोठ्या प्रमाणावर चर्चिली गेली. तेथील गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनीं आपल्या गिरणीच्या आवारांतील सुमारें ६० भटकीं कुत्रीं, पिसाळण्याच्या भयानें, मारविलीं. गांधींनीं त्यांस दोष दिला नाहीं, तेव्हां अहिंसेचा पुरस्कर्ता असें कसें बोलतो म्हणून रागाच्या पत्रांचा त्यांच्यावर वर्षाव झाला. ‘यंग इंडिया’ पत्रांत लेखमाला लिहून त्यांनीं जें उत्तर दिलें, त्याचा रोख असा होता कीं, रस्त्यावरच्या कुत्र्यास तुकडा टाकून पुण्य जोडावें आणि त्याची जबाबदारी मात्र कोणीच घेऊं नये, ही दया नव्हे. आज पिसाळरोगाची लस व कुत्र्यांचें निर्बीजीकरण हीं साधनें उपलब्ध असतां तोच उपाय कोणी सुचवूं नये हें खरें. परंतु जबाबदारीचा तो मुद्दा अद्यापि जसाच्या तसा उभा आहे.

या कसोटीवर घरांतल्या नित्याच्या रीति घासून पाहिल्या तर चमत्कारिक गोष्टी दिसूं लागतात. पिंजऱ्यांत सांपडलेला उंदीर पलीकडच्या आळींत नेऊन सोडणारे गृहस्थ स्वतःस दयाळू समजतात. पण त्या आळींतल्या माणसांनीं त्यांचें काय घोडें मारलें आहे? ढेंकूण तर रक्तावांचून कित्येक महिने जगूं शकतो. खिडकींतून झटकलेला ढेंकूण दुसऱ्याच्या बिछान्याची वाट पाहत बसतो. उवेची गोष्ट उलट आहे. मनुष्याच्या डोक्यावांचून ती एकदोन दिवसांपलीकडे जगत नाहीं. फणीनें काढलेली ऊ न मारतां अलगद बाहेर टाकणारा तिला जीवदान देत नाहीं. आपल्या डोळ्यांआड मरावयास लावतो. कीटकनाशकवाल्यास बोलावून आपण त्या वेळापुरते आप्तांकडे जाऊन बसणें, किंवा झुरळ मारण्याचें काम मोलकरणीवर सोंपवून आपण देवघरांत जाणें, यांतहि हात तेवढे स्वच्छ राहतात. जी हिंसा आवश्यक असेल, ती आपल्या नांवावर लिहून घेण्याचें धाडस पाहिजे. हातास ती कळली म्हणजे ती कमी कशी करावी, याचा विचार मन आपोआप करूं लागतें.

आणि येथेंच या प्रश्नाचें खरें मर्म आहे. घरांतील बहुतेक हिंसा क्रौर्यानें होत नाहीं, आळसानें होते. जी गृहिणी चैत्र-वैशाखांत धान्याला कडक ऊन देते, डाळीला एरंडेल चोळते आणि डब्यांत कडुनिंबाचा पाला घालते, ती कीड पडूंच देत नाहीं. जी हें करीत नाहीं, तिला पुढें शेंकडों किडे सुपांतून पाखडून मारावे लागतात. साचलेल्या पाण्याचें भांडें आठवड्यांतून एकदां पालथें केलें, तर डासांची पैदास होत नाहीं; तें न केलें तर संध्याकाळीं घरभर धुरी घालावी लागते.

याचें सर्वांत मोठें उदाहरण नारूचें आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस हा रोग चांगलाच परिचित होता. पायविहिरींच्या पाण्यांत सायक्लॉप्स नांवाचे सूक्ष्म जीव असत. त्यांच्या पोटांत नारूची अळी असे. तें पाणी प्यालेल्या माणसाच्या पायांतून सुमारें वर्षानें जवळजवळ मीटरभर लांबीचा जंत फोड फोडून बाहेर पडे. रोगी आग शमविण्यासाठीं पाण्यांत पाय घाली, कीं तेथेंच नव्या अळ्या सुटत व चक्र पुन्हा सुरू होई. या रोगावर ना लस होती, ना रामबाण औषध. पायविहिरी बुजविणें किंवा बांधून काढणें, हातपंप बसविणें, पाणी फडक्यानें गाळून पिणें, रोग्यास पाणवठ्यापासून दूर ठेवणें, हेच मुख्य उपाय होते. जोडीस पाण्यांत टेमेफॉस हें औषधहि घालीत. हिंदुस्थानांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं राजस्थानांत आढळला, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त ठरविला. १९८६ सालीं जगांत या रोगाचे अदमासें ३५ लक्ष रोगी होते. २०२३ सालीं माणसांत अवघे १४ आढळले. म्हणजे जीवांची एक जातच पृथ्वीवरून नाहींशी होण्याच्या बेतांत आहे. याचा खेद करावा काय? आम्हांस वाटतें, नाहीं. माणसानें या जंताविरुद्ध मुख्यतः जें केलें तें इतकेंच कीं, आपला देह त्यास राहावयास नाकारला. स्वतःच्या देहास नकार देण्याचा हा हक्क कोणत्याहि धर्मानें हिरावून घेतलेला नाहीं. आणि पाणी गाळून पिणें हें तर जैन गृहस्थाचें प्राचीन व्रतच आहे. एकाच फडक्यानें जीवरक्षण आणि आत्मरक्षण दोन्ही साधावीं, याहून सुंदर दृष्टांत कोणता?

उलटपक्षीं, नुसत्या संहारावर विसंबल्याचें फळहि आपण भोगलें आहे. १९५३ सालीं डी. डी. टी. फवारण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हां देशांत हिंवतापाचे वर्षास ७.५ कोटी रोगी असावेत असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास ते १ लक्षावर आले. तो विजय थोर होता; त्यानें लक्षावधि माणसें वांचलीं. परंतु डासांच्या अंगीं विषास दाद न देण्याची शक्ति आली, यंत्रणा सुस्तावली, गटारें व डबकीं तशींच राहिलीं, आणि १९७६ सालीं रोग्यांची संख्या पुन्हा ६४ लक्षांवर गेली. मारणें हें स्वच्छतेच्या मदतीस आलें तर उपयोगी पडतें. तिच्या जागीं आलें तर पुनःपुन्हा मारावें लागतें.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. मारण्याचा अधिकार मिळाला म्हणजे छळण्याचा अधिकार मिळत नाहीं. उंदरासाठीं बाजारांत चिकट गोंदाचे फळे मिळतात. त्यांवर अडकलेला उंदीर तासन् तास तडफडतो, कातडें फाडून घेतो आणि भुकेतहानेनें मरतो. इंग्लंडनें २०२२ सालीं कायदा करून सर्वसामान्य लोकांस त्यांचा वापर बंद केला, हें योग्यच झालें. कीटकांस वेदना होतात कीं नाहीं, याविषयीं शास्त्रज्ञांचें एकमत झालेलें नाहीं. परंतु संशयाचा फायदा दुबळ्यास द्यावयाचा असतो. मारणें अपरिहार्य असेल तर तें झटकन् व्हावें, एवढा फायदा तरी ढेंकणासहि मिळाला पाहिजे. आणि जे कोणाचें कांहींच घेत नाहींत, त्यांची हत्या तर केवळ किळसेपोटीं होते. भिंतीवरची पाल व कोपऱ्यांतला कोळी आपलेच डास खातात. त्यांच्यावर झाडू उचलणारा आत्मरक्षण करीत नाहीं, आपल्या नाजुकपणाची पूजा करितो.

तेव्हां दूध सोडणाऱ्यानें ढेंकूण मारला तर त्याचें व्रत मोडलें काय? गाईनें त्याच्यावर हल्ला केलेला नसतो; तिचें वासरूं दूर करून दूध घेणें हें त्याच्या हातचें असतें व सोडणेंहि त्याच्याच हातचें असतें. ढेंकणाच्या बाबतींत तशी निवड नसते. दोहोंस एकाच मापानें मोजणारा टीकाकार सुसंगत असेल, न्यायी नव्हे. परंतु व्रतस्थानेंहि एवढ्यावर निश्चिंत होऊं नये. अपाय खरा आहे कीं नुसती शिसारी आहे, तो आधीं टाळतां आला असता कीं नाहीं, आणि माझ्या दयेची किंवा माझ्या मारण्याची किंमत दुसरा कोणी तर देत नाहीं ना, हे तीन प्रश्न त्यानें प्रत्येक वेळीं स्वतःस विचारावेत. उत्तरें प्रामाणिक आलीं तर मारावें. पण त्यास धर्म म्हणूं नये, ऋण म्हणावें. धर्म केला कीं मनुष्य समाधानानें झोंपीं जातो. ऋण असलें, कीं सकाळीं उठून खाट उन्हांत टाकतो.