हरवलेलं जाळं कोणाचं?

मासेमाराचं जाळं समुद्रात हरवलं तरी त्याचं काम थांबत नाही. वादळात तुटलेलं किंवा खडकात अडकलेलं जाळं मासे पकडतच राहतं. अडकलेला मासा मरतो, त्याच्या वासाने खेकडे येतात, तेही अडकतात. ओझ्याने जाळं तळाला बसतं. मांस संपलं की बोये त्याला पुन्हा वर उचलतात आणि नवी फेरी सुरू होते. पूर्वीची सुताची, तागाची जाळी कुजून जायची. नायलॉन तसं कुजत नाही. अशा जाळ्यांना जगभर ‘घोस्ट नेट’ म्हणतात, म्हणजे भुताचं जाळं. समुद्रातल्या एकूण कचऱ्यात टाकलेल्या-हरवलेल्या मासेमारी साधनांचा वाटा सुमारे १० टक्के असावा, असा अंदाज २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालात मांडला गेला.

ही जाळी काढायला काही पाणबुडे स्वखुशीने खाली उतरतात. नेदरलँड्समध्ये अशा हौशी पाणबुड्यांचे गट आहेत. केरळात कोवळमजवळ ‘फ्रेंड्स ऑफ मरीन लाइफ’च्या लोकांनी स्थानिक मच्छीमारांना सोबत घेऊन हे काम केलं. पाठीवर मोजकी हवा, हातात चाकू, आणि आपणच त्या जाळ्यात अडकण्याची भीती. म्हणून एकट्याने उतरायचं नाही. जाळं ओढायचं नाही, कापत कापत सोडवायचं. प्रवाळ त्याच्याभोवती वाढलं असेल, तर कधी कधी ते तिथंच राहू द्यावं लागतं.

प्रश्न असा, की हे त्यांनी का करावं? जाळं त्यांचं नाही. ‘करावं तसं भरावं’ हा आपला साधा न्याय. पण इथं करणारा सापडत नाही. आणि सापडला, तरी तो बहुतेकदा स्वतःच नुकसान झालेला असतो. जाळं महाग असतं, गरीब मच्छीमार ते मुद्दाम कशाला फेकेल?

आमच्या नांदगावपासून समुद्र लांब आहे, पण हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. दुष्काळी भागात बोअर मारतात, पाणी लागत नाही, पाइप काढून नेतात आणि भोक उघडं राहतं. पुढे शेत विकलं जातं, बोअरवाली गाडी दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असते. अशा बोअर बंद करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सूचना दिल्या, तरी मूल बोअरमध्ये पडल्याच्या बातम्या येतातच. त्या भोकाशेजारून जाणाऱ्या माणसाने काय करावं? सातबारा तपासावा, की आधी दगड ठेवावा?

दोष कोणाचा आणि काम कोणाचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरा थांबवून ठेवला, तर तेवढ्या काळात कासव मरतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. कोणीतरी फुकट निस्तरतंय म्हटल्यावर बाकीचे निर्धास्त होतात. स्वयंसेवक उतरतात म्हणून सरकार, ट्रॉलरमालक, जाळं बनवणारी कंपनी सगळेच सुटतात. मला वाटतं, याला उत्तर म्हणजे काम थांबवणं नव्हे, तर कामाचा खर्च वाटून घेणं. महाराष्ट्राने २०१८ साली असं एक पाऊल उचललं. जाळ्यात सापडलेलं कासव किंवा देवमुशी यांसारखा संरक्षित जीव सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. चांगुलपणाचा भुर्दंड एकट्याने सोसू नये, एवढाच त्यामागचा विचार.

हाच न्याय हरवलेल्या जाळ्यांनाही लावता येईल. जाळं हरवल्याचं बंदरावर येऊन सांगणाऱ्याला दंडाची भीती नसावी, जुनं जाळं परत आणणाऱ्याला दोन पैसे मिळावेत. तो पैसा कुठून यायचा, या हिशोबात आपणही आहोत. किनाऱ्यापासून इतक्या लांब आमच्या बाजारातही सुकट आणि बोंबील विकले जातातच.

तोवर पाणबुड्यांनी दोन्ही कामं करावीत. जाळं कापावं, आणि वर आणल्यावर ते कुठल्या प्रकारचं, किती वजनाचं, कुठे सापडलं याची नोंद ठेवावी. दगड ठेवून झाल्यावर ग्रामपंचायतीत जाऊन बोअर कोणाची, हेही विचारायचंच असतं.