हरभऱ्याचा बेवड

सातारा तालुक्यातल्या एका गावात एक शिक्षक राहत होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचा आणि पहाटे उठून धावायचा. धावण्याचा नाद त्याला लागला तो सातारा हिल हाफ मॅरेथॉनमुळे. पावसाळा सरता सरता, सप्टेंबरात ही शर्यत होते. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच घाट उतरून परत यायचं. एकूण अंतर २१.१ किलोमीटर.

पहिल्या वर्षी तो नुसता ‘आपल्याला जमतंय का बघू’ म्हणून गेला. घाटात धुकं होतं, मधूनच सर येऊन जात होती. वळणावळणावर ढोल वाजत होते. बायाबापड्या ओळखदेख नसताना ‘चला, चला, थोडंच राहिलंय’ म्हणून ओरडत होत्या. रस्त्याच्या कडेला पोरं हात पुढे करून उभी होती. त्याने एकाही पोराचा हात रिकामा ठेवला नाही. अडीच तास लागले. घरी आल्यावर त्याने मेडल आईच्या गळ्यात घातलं आणि पुढे आठवडाभर येईल त्याला शर्यत सांगितली.

मग त्याला सोबती मिळाले. ते भेटले की एकमेकांना विचारत, “तुझी पीबी किती?” म्हणजे आजवरची स्वतःची सर्वांत चांगली वेळ किती. शिक्षकाने घड्याळ घेतलं, सराव आखून केला. सपाट रस्त्यावरच्या शर्यतीत त्याची वेळ सव्वादोन तासांवर आली, मग २ तास ६ मिनिटांवर, मग १ तास ५७ मिनिटांवर. या आकड्यांनी त्याचं भलंच केलं. पहाटे उठायची शिस्त लागली, सुटलेलं पोट आत गेलं आणि मेहनत केली की शरीर ऐकतं हे त्याला कळलं.

आता त्याने १ तास ५५ मिनिटं हा आकडा मनात धरला. त्यासाठी किलोमीटरला ५ मिनिटं २७ सेकंदांचा वेग लागतो. हा वेग त्याच्या डोक्यात असा बसला की दुसरं काही सुचेना. सातारा झालं की कोल्हापूर, कोल्हापूर झालं की सांगली, मग पुणे, मग मुंबई. जिथे शर्यत असेल तिथे हा हजर, आणि प्रत्येक शर्यतीत पीबी झालीच पाहिजे हा हट्ट. दोन शर्यतींच्या मधले हलक्या धावण्याचे दिवससुद्धा तो रेटून पळायचा. गप्पा मारता येतील अशा बेताने पळणारे सोबती मागे पडत, आणि याला त्यांच्यासाठी थांबणं म्हणजे वेळ वाया घालवणं वाटे. घाटातली वेळ तो सपाट रस्त्याच्या वेळेशी ताडून बघायचा. हवा दमट असली की घाम वाळत नाही, अंग तापतं, छातीचे ठोके वाढतात आणि वेग आपसूक उतरतो. हे त्याला ठाऊक होतं, तरी तसल्या दिवशीही तो स्वतःलाच बोल लावायचा.

एका शर्यतीत पाण्याच्या टेबलापाशी एक छोटी मुलगी दोन्ही हातांनी ग्लास धरून उभी होती. याने धावता धावता ग्लासावर झडप घातली. अर्धं पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं. “सर, शाब्बास!” असं काहीतरी ती म्हणत होती, पण तोवर याची नजर मनगटावर गेली होती.

त्या हंगामात वेळ सुधारली नाहीच. १ तास ५८, मग १ तास ५९, मग दोन तासांच्या वर. डिसेंबरात पुण्याच्या शर्यतीत सोळाव्या किलोमीटरला पोटरी धरली आणि तो रस्त्याच्या कडेला बसला. घरी येऊन बायकोला म्हणाला, “संपलं. आता धावणं बंद.”

दुसऱ्या दिवशी तो लंगडत मळ्यात गेला. चुलते आप्पा हरभऱ्याच्या रानात होते. महिना-सव्वामहिन्याचं पीक, चांगलं तरारलेलं. बायका भाजीसाठी शेंडे खुडत होत्या. शिक्षक बांधावर टेकला आणि बोलायचं म्हणून बोलला, “आप्पा, या तुकड्यात यंदा ऊस का नाही? पाणी आहे, कारखाना जवळ आहे.”

“लावला असता,” आप्पा म्हणाले. “पर ऊस, मग खोडवा, त्याच्यावर पुन्हा ऊस, असं किती साल चालायचं? रान दमतं, बाळा. मग खताची पोती वाढवायची, पाणी वाढवायचं. तरी टनेज घटतंच. वरनं पाणी जास्त झालं की रान खारवतं, ते निराळंच.”

त्यांनी वाकून खुरप्याने माती सैल केली आणि हरभऱ्याचं एक रोप मुळासकट अलगद काढलं. मुळांवरची माती झटकली. बारीक मुळ्यांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी लगडल्या होत्या. आप्पांनी एक गाठ नखाने फोडली. आत गुलाबी रंग होता.

“ही गाठ हवेतला नत्र धरती. अशी आतनं गुलाबी असली की समजायचं, काम चाललंय. हरभऱ्यात उसाएवढा पैसा न्हाई. पर पुढचा ऊस ह्याच्याच बेवडावर, म्हंजी ह्यानं रानात मागं ठेवलेल्या कसावर येतो.”

“म्हणजे ऊस वाईट?”

“आरं, वाईट कसा? घर उसावरच बांधलंय की. पर दर साली ऊसच पायजे म्हणणाऱ्याला पुढं ऊसबी धड मिळत न्हाई.” आप्पांनी रोप त्याच्या हातात दिलं. “तुझं किती साल चाललंय उसावर ऊस?”

शिक्षकाला उत्तर देता आलं नाही.

घरी येताना त्याच्या मनात एलिउड किपचोगेचा विचार आला. केनियाच्या या धावपटूचे सगळे आकडे त्याला पाठ होते. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात किपचोगेने ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत पार केले, आणि अंगातला सगळा जोर लागत असतानाही चेहऱ्यावर हसू आणत तो धावतो, हे सगळ्या जगाने पाहिलं आहे. पण याच किपचोगेने आपल्या भरात वर्षाकाठी साधारण दोनच मॅरेथॉन धावायचं ठेवलं होतं, या गोष्टीकडे शिक्षकाने कधी लक्षच दिलं नव्हतं. जगातला सर्वांत मोठा धावपटू दोन शर्यतींसाठी वर्षभर रान तयार करतो, आणि आपण दर महिन्याला पीक मागतो!

त्याने धावणं सोडलं नाही. मुंबईची जानेवारीतली शर्यत मात्र सोडली. पोटरी बरी होईपर्यंत नुसता चालला. नंतर कॅलेंडर घेऊन बसला आणि वर्षाची वाटणी केली. वेळेसाठी धावायच्या शर्यती दोनच. बाकी ज्या काही होतील त्या मजेच्या. आठवड्यातले बहुतेक दिवस सोबत्यांशी बोलत बोलत पळायचं, एक-दोन दिवस जोर लावायचा. मजेच्या दिवशी घड्याळ घरीच राहील, हेही ठरवलं.

सप्टेंबरात सातारची शर्यत आली. त्याची भाची पहिल्यांदाच एवढं अंतर धावणार होती. ती म्हणाली, “मामा, तू पुढे जा, माझ्यामुळे तुझी वेळ जाईल.” तो म्हणाला, “आज माझी वेळ तुझ्याकडेच आहे.” यवतेश्वरच्या घाटात तिला दम लागला तेव्हा दोघं चालले. धुकं फाटलं आणि खाली सातारा शहर आणि अजिंक्यताऱ्याचा माथा दिसला. या घाटातून तो किती वेळा गेला होता, पण हे दृश्य त्याने पहिल्या वर्षानंतर पाहिलंच नव्हतं. उतारावर त्याने तिला शिकवलं, “टांगा लांब टाकू नकोस. पावलं छोटी ठेव, नाहीतर मांड्या भरून येतील.” पाण्याच्या टेबलापाशी तो थांबला, ग्लास देणाऱ्या पोराला “काय रे, कितवीत?” असं विचारून पुढे गेला. दोघांनी हात धरून रेषा ओलांडली. वेळ पहिल्या वर्षीपेक्षाही जास्त लागली होती. भाची मात्र रडत हसत होती, आणि याला संध्याकाळपर्यंत थकवा कसा तो जाणवला नाही.

त्यानंतर चार महिने त्याने नेटाने सराव केला. जानेवारीत मुंबईला घड्याळ बांधून, मनाची तयारी करून उभा राहिला. त्या दिवशी त्याने मजा बाजूला ठेवली नाही, पण पहिलं लक्ष वेळेकडे दिलं, कारण तो दिवस त्यासाठीच राखलेला होता. सुरुवातीला गर्दीबरोबर वाहवत गेला नाही. पेडर रोडच्या चढावर वेग पडला तेव्हा बिचकला नाही, मरीन ड्राइव्हवर राहिलेलं सगळं पणाला लावलं. वेळ आली १ तास ५५ मिनिटं ४० सेकंद. धरलेला आकडा ४० सेकंदांनी हुकला, पण आजवरच्या वेळेत मिनिटभराहून जास्त सुधारणा झाली.

सोबती म्हणाले, “फेब्रुवारीत आणखी एक शर्यत आहे. ४० सेकंद सहज निघतील. नाव टाक.”

खरी परीक्षा इथे होती. अंगात अजून जोश होता, आकडा हाताशी आला होता. शिक्षक म्हणाला, “येतो. पण धावायला नाही, पाणी वाटायला.” फेब्रुवारीतल्या त्या शर्यतीत तो आपल्या शाळेची आठ-दहा पोरं घेऊन टेबलामागे उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येकाला ग्लास देताना तो छातीवरच्या बिबवरचं नाव वाचून हाक मारत होता. ते ४० सेकंद त्याने पुढच्या जानेवारीसाठी राखून ठेवले.

तात्पर्य: स्वतःची वेळ सुधारण्याचा ध्यास चांगलाच आहे, तो माणसाला घडवतो. पण प्रत्येक शर्यतीकडून तेच मागितलं तर अंग थकतं, मन विटतं आणि शेवटी वेळही हाती लागत नाही. विक्रमासाठी धावायचे दिवस थोडे ठेवावेत, ते आधी ठरवावेत आणि त्या दिवशी कसर ठेवू नये. बाकीचे दिवस सोबतीसाठी, रस्त्यासाठी आणि आनंदासाठी धावावं. पुढच्या विक्रमाचं बळ त्याच दिवसांत साठत असतं.