जुन्या यंत्रांचा निरोप

जें यंत्र अद्याप चालतें, त्यास सांभाळून घेण्याचें बंधन संगणकाची आज्ञावली लिहिणारावर कोठवर असावें? प्रश्न कारागिरीचा दिसतो. पण आमच्या मतें तो मुळांत नीतीचा आहे.

लिनक्स या प्रणालीचें उदाहरण घेऊं. १९९१ सालीं लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं ती प्रथम रचिली ती इंटेलच्या ३८६ प्रक्रियकावर. हा प्रक्रियक १९८५ सालचा. पुढें २०१२ च्या डिसेंबरांत त्याच प्रणालींतून ३८६ चा आधार काढून टाकण्यांत आला. ज्या पाळण्यांत मूल वाढलें तो पाळणाच मोडावा, तसें हें झालें. परंतु कारण सबळ होतें. स्मृतीचा जो भाग लेखनापासून राखावयाचा, तो प्रणालीच्या गाभ्याच्या स्वतःच्या लेखनापासून राखण्याची सोय ३८६ मध्यें नव्हती. तुलना करून अदलाबदल करण्याची एकसंध आज्ञाही त्यास ठाऊक नव्हती. या उणिवांसाठीं निराळी तजवीज बाळगावी लागे, आणि प्रत्येक नव्या सुधारणेच्या वेळीं तिचा विचार करावा लागे. जें यंत्र फारसें कोणी वापरीत नाहीं, त्यावर आज्ञावली तपासणार तरी कोण? न तपासतां ‘चालतें’ म्हणणें, हें औदार्य नव्हे; तें खोटें वचन होय.

यावर कोणी म्हणेल, शहरांत जें टाकाऊ ठरतें तेंच खेड्यांत नवें असतें. महाड तालुक्यांतील तुडीलसारख्या गांवीं, मुंबईस चाकरीला असलेल्या काकानें धाडलेला जुना संगणक हाच घरांतील मुलांचा पहिला संगणक असूं शकतो. निर्णय घेणारा एक, झळ सोसणारा दुसरा. हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो.

तो ३८६ ला लागत नाहीं. पण विंडोज १० ला लागतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें या प्रणालीचा नेहमींचा आधार थांबविला. वर्षभराची मुदतवाढ मिळाली ती वेगळी नोंदणी करणारांसच. चालत्या स्थितींतील पुष्कळ संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. या अटी सुरक्षिततेसाठीं आहेत, असें कंपनीचें म्हणणें. तें मान्य केलें तरी एक भेद उरतोच. लिनक्सच्या जुन्या आवृत्तीचा मूळ मजकूर कोणासही खुला राहिला. ज्यास गरज, त्यानें तो सांभाळावा. विंडोजचा मजकूर मात्र कुलुपांत आहे. तेथें मालकानें हात काढला कीं दुसऱ्यास हात लावण्याची मुभा नाहीं.

आमच्या मोडी लिपीची गोष्ट येथें आठवते. छापखान्याच्या सोयीपुढें ती दफ्तरांतून व शाळांतून मागें पडली. तिला सोडणें हा अपराध नव्हता. परंतु ती वाचणारे मागें उरले, म्हणूनच पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील रुमाल आज बोलूं शकतात. वाचण्याची किल्लीच फेकून दिली असती, तर तो अपराध ठरला असता.

म्हणून आम्ही म्हणतों, ओझें टाकण्याचा अधिकार वाहणारास आहेच. मात्र त्यानें आगाऊ सांगावें, कोणाच्या घरीं काय बंद पडेल हें पाहावें, आणि जातांना दार उघडें ठेवावें. जो स्वतः वाहत नाहीं व दुसऱ्यासही वाहूं देत नाहीं, त्यास ओझ्याची तक्रार करण्याचा अधिकार नाहीं.