गोलरक्षकाचा हिस्सा

अमेरिकेतील बालफुटबॉलच्या मैदानावर, दोन गोलरक्षक पदरी असलेल्या प्रशिक्षकापुढे, न्यायशास्त्रातील एक पुरातन प्रश्न दर सप्ताहान्ती उभा राहतो. इतर जागांवरील मुले सामना चालू असता पुनःपुन्हा आत-बाहेर करता येतात, त्यामुळे तेथील तक्रारीही थोड्याथोड्या वाटल्या जातात. गोलरक्षक मात्र नियमाने एका वेळी एकच, आणि ज्याची पाळी नाही त्याच्या वाट्याला केवळ कडेचा बाक. 1964 साली कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे स्थापन झालेल्या अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशनने प्रत्येक मुलास प्रत्येक सामन्यात निदान अर्धा वेळ खेळविण्याचा दंडक घातला खरा. परंतु चाचणी घेऊन मुले निवडणाऱ्या स्पर्धात्मक क्लबांत बहुधा प्रशिक्षकाचीच मुखत्यारी चालते.

जो अधिक कुशल त्यालाच गोल द्यावा, असे म्हणणाऱ्यांच्या पाठीशी साक्षात ॲरिस्टॉटल आहे. उत्तम बासरी कुलवंताला नव्हे, उत्तम वादकाला द्यावी, असा निवाडा त्याने ‘पॉलिटिक्स’मध्ये दिलेला आहे. पण हा निवाडा वादक आधीच तयार झालेला आहे असे गृहीत धरून चालतो, आणि तेराव्या वर्षी कोणाचेच काही तयार झालेले नसते. पुष्कळदा आजचे कौशल्य म्हणजे शेजारच्या मुलापेक्षा वर्षभर आधी वाढलेली उंची एवढेच असते. आपल्याकडील वेदान्तातही अधिकाराचा विचार आहे, आणि शंकराचार्यांनी ब्रह्मजिज्ञासेपूर्वी साधनचतुष्टयाची अट घातली आहे. तथापि विवेक-वैराग्य ही साधने जिज्ञासूला कोणाच्याही परवानगीवाचून साधता येतात, गोलरक्षकाचा अधिकार मात्र गोलात उभे राहिल्यावाचून येत नाही, आणि गोलात उभे करणे तर दुसऱ्याच्या हाती.

यावर तोडगा म्हणून पूर्वार्ध एकाला आणि उत्तरार्ध दुसऱ्याला देण्याचा प्रघात आहे. घड्याळाच्या हिशेबात तो निर्दोष दिसतो. मला तो फसवा वाटतो. गोलरक्षकाचे काम मिनिटांत मोजता येत नाही. एकाच्या अर्ध्या तासात चेंडू त्याच्याकडे फिरकतही नाही, तर दुसऱ्याच्या पहिल्याच क्षणी तो जाळ्यात जाऊन पडतो. शिवाय चूक झाल्यावर त्याच गोलात, त्याच लोकांच्या नजरेखाली, सामना संपेपर्यंत उभे राहणे हे या जागेवरील खरे शिक्षण, आणि मध्यंतरास बाहेर काढलेल्या मुलास नेमके तेच मिळत नाही. म्हणून वाटणी करायचीच तर ती अखंड सामन्यांची असावी, आणि मोसम सुरू होण्यापूर्वीच जाहीर व्हावी.

अंतिम सामना दुबळ्या मुलाच्या पाळीवर आला तर काय, हा आक्षेप खरा बोचरा आहे. 2014 च्या विश्वचषकात कोस्टारिकाविरुद्ध जादा वेळ संपता संपता नेदरलँड्सचे प्रशिक्षक व्हान गाल यांनी गोलरक्षक सिलेसनला काढून क्रूलला उतरवले आणि क्रूलने दोन पेनल्टी अडवल्या, हे उदाहरण अशा वेळी हमखास पुढे केले जाते. परंतु ते दोघेही वेतन घेऊन खेळणारे प्रौढ होते, आणि सिलेसनचे शिक्षण तेथे कोणी अंगावर घेतलेले नव्हते. मुलाच्या बापाने भरलेली फी विजयासाठी होती की शिक्षणासाठी, याचा फैसला क्लबाने फी घेतानाच करावयास हवा. अंतिम सामन्याच्या सकाळी तो करू लागल्यास प्रशिक्षकाच्या हाती यादी बदलण्याखेरीज काही उरत नाही, आणि बदललेली यादी पाळी गेलेल्या मुलालाच सर्वांआधी वाचता येते.