पूर्वीची चव

ज्या गांवांत मुकुंदराजांची समाधि आहे, ज्या गांवच्या दासोपंतांनीं कापडाच्या पासोडीवर पंचीकरण लिहिलें, त्या अंबाजोगाईंत राहून एका चिनी उपाहारगृहावर निबंध लिहावयास बसणें कित्येक वाचकांना पोरकटपणाचें वाटेल. वाटो बापडें. तीस वर्षें नीतिशास्त्र शिकवूनहि जो प्रश्न मला पुस्तकांत नीट भेटला नव्हता, तो तेथें वाटीभर सूपाच्या निमित्तानें भेटला. एखाद्या स्थळाविषयीं आपण सहज बोलून जातों, "आतां तेथें पूर्वीसारखें राहिलें नाहीं." हें वाक्य उच्चारण्याचा अधिकार आपणांस कोठून प्राप्त होतो, आणि तें खोटें ठरलें तर त्याची भरपाई कोणीं करावयाची, हा तो प्रश्न.

एका अरुंद गल्लींत पांच टेबलें, भिंतीवर लाल कागदी कंदील, आणि दाराशींच भट्टी, एवढाच त्या उपाहारगृहाचा संसार. नेपाळांतून आलेले एक गृहस्थ २००० सालच्या सुमारास तें चालवूं लागले. त्यांचें खरें नांव फार थोड्यांना ठाऊक. प्रत्येक नेपाळी माणसास 'बहादूर' म्हणण्याची जी आळशी रीत आमच्याकडे आहे तिच्याप्रमाणें तेहि बहादूर झाले होते. पगार झाला कीं येणाऱ्या रविवारीं आम्ही मुलांना घेऊन तेथें जात असूं. भाकरी-पिठल्यावर वाढलेल्या आम्हां मंडळींना ती भट्टीवर भडकणारी ज्वाळा, हवेंत उडून पुन्हां कढईंत पडणारे नूडल्स, काळसर तकाकीचें तें मंचूरियन, यांचें केवढें अप्रूप! माझ्या दोन्ही मुलांच्या परीक्षा पास झाल्याच्या मेजवान्या त्याच कोपऱ्यांतल्या टेबलावर झाल्या.

२०२० च्या मार्चांत टाळेबंदी आली. ते गृहस्थ त्या वर्षीं मायदेशीं गेले ते परत आले नाहींत. भांड्याकुंड्यांसह सारा व्यवसाय त्यांनीं आपल्या मदतनिसाच्या हवालीं केला. हा तरुण पाटोदा तालुक्यांतला. आमच्या बीड जिल्ह्यांतून दरसाल लक्षावधि माणसें पश्चिम महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जातात, त्यांतलेच त्याचे आईबाप. उपाहारगृह पुन्हां उघडल्यावर मी गेलों, सूपाचा पहिला चमचा तोंडांत घेतला आणि मनांतल्या मनांत निकाल दिला: चव गेली.

मनांतल्या मनांत तो राहिला असता तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मीं तो प्राध्यापक-कक्षांत जाहीर केला, आणि तोहि जरा अलंकारिक भाषेंत. तेथें अलंकारांना दाद मिळते. लहान गांवांत प्राध्यापकाचें मत फुकट मिळतें, म्हणून तें पुष्कळ दूर जातें. महिन्याभरांत माझा न्हावी, बँकेंतील एक कारकून आणि औषधांच्या दुकानाचा मालक या तिघांनीं मला वेगवेगळ्या वेळीं सांगितलें कीं, त्या चिन्याकडे आतां पूर्वीची चव राहिली नाहीं. माझी लबाडी येथें नमूद करतों. तीन स्वतंत्र साक्षीदार मिळाले म्हणून मला समाधान वाटलें. ती माझीच साक्ष गांवभर फिरून माझ्याकडे परत आली होती, हें तर्कशास्त्राच्या अध्यापकाला समजावयास तीन वर्षें लागलीं. तोंवर पांच टेबलांतलीं दोन टेबलें त्या तरुणानें विकलीं होतीं.

आतां मालक बदलल्यावर उपाहारगृह तेंच राहतें काय? प्लुटार्कानें सांगितलेली थेसियसच्या गलबताची गोष्ट मी दर वर्षीं वर्गांत सांगतों. अथेन्सकरांनीं त्याची एकेक कुजकी फळी काढून नवी बसविली. मग गलबत तेंच कीं दुसरें? विद्यार्थ्यांना मी लागलाच जवळचा दाखलाहि देतों: निजामी अमलांत या गांवाला मोमिनाबाद म्हणत, १९४८ सालीं राज्य गेलें, पुढें नांवहि गेलें, गांव तेंच आहे ना? हा वाद वर्गांत चांगला रंगतो. येथें मात्र तो मला फारसा उपयोगी पडला नाहीं. फळ्या बदलल्या म्हणून कोणी सुतारावर दोष ठेवीत नाहीं. मीं मात्र ठेविला होता.

उपयोगी पडला तो डेव्हिड ह्यूम. रसिकतेच्या कसोटीवरील त्याचा निबंध १७५७ चा आहे, आणि त्यांत त्यानें 'डॉन किहोटे'मधील एक कथा घेतली आहे. सँको पांझाच्या दोघां आप्तांना एका पिंपांतल्या मद्याची परीक्षा करावयास सांगितलें. एक म्हणाला, मद्य उत्तम, पण किंचित् चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, उत्तमच, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाहि हंसले. पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सांपडली. ह्यूमचें म्हणणें असें कीं, जिभेचा निकाल केवळ लहर नसतो. त्याच्या मुळाशीं पदार्थांत कांहींतरी असतें, आणि तें दाखवितां येतें. वाचतां वाचतां मला ओशाळल्यासारखें झालें. मीं निकाल दिला होता. पिंप रिकामें करून पाहिलें नव्हतें.

म्हणून गेल्या हिंवाळ्यांत एका संध्याकाळीं मी तेथें गेलों. मी एकटाच गिऱ्हाईक होतों. "सर, लई दिवसांनी," असें म्हणून त्यानें टेबल पुसलें. मीं सरळ विचारलें, "पूर्वी सूपाला निराळी चव असायची. तूं काय बदललंस?" त्यानें थोडा विचार केला. "मी काही नाही बदललं. अजिनोमोटो तेवढं बंद आहे. पण ते दाजूनीच बंद केलं, पंधरा साली. तुम्ही लोकच म्हणायला लागला होता ना, ते पांढरं घालू नका म्हणून." दाजू म्हणजे नेपाळींत थोरला भाऊ, आपल्या जुन्या मालकाला तो तसें म्हणे.

तो म्हणाला तें खरें होतें. जून २०१५ मध्यें शिशाच्या व अजिनोमोटोच्या बोभाट्यावरून पाकिटांतल्या नूडल्सच्या एका प्रसिद्ध प्रकारावर देशभर बंदी आली. ऑगस्टांत मुंबई उच्च न्यायालयानें ती रद्द केली, पण लोकांच्या मनांतली भीति न्यायालयाला थोडीच रद्द करतां येते! १९०८ सालीं किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञानें समुद्रशेवाळाच्या कढणांतून तो रुचीचा पदार्थ वेगळा काढला. १९६८ सालीं एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत छापलेल्या एका पत्रापासून त्याच्यावर किटाळ आलें. नेहमीच्या प्रमाणांत तो अपायकारक असल्याचें पुढें सिद्ध झालें नाहीं. तरी तें पांढरें घालूं नका असें ओरडणाऱ्यांत मी पुढें होतों. किल्ली पिंपांतून काढविणारा मीच, ती गेल्याचें पांच वर्षें न कळलेला मीच, आणि ती गेल्याचा ठपका भलत्यावर ठेवणाराहि मीच. तें राहो. मीं पुढें विचारलें, "दाजूंच्या वेळीं तूं काय करीत होतास?" "बारा सालापासून भट्टीवर मीच आहे, सर. दाजूंचा खांदा दुखायचा. ते गल्ल्यावर बसायचे." म्हणजे ज्या चवीची आठवण मी उराशीं धरून बसलों होतों, तिच्यातल्या निदान आठ वर्षांची चव याच पोराच्या हातची!

मग २०२० सालीं मीं चाखलें तें काय? सूप तेंच, हात तोच. बदलला होता एक चेहरा. ज्या नेपाळी गृहस्थांना आम्ही बिनदिक्कत चिनी समजत होतों त्यांचा चेहरा समोर असला कीं पदार्थ अस्सल लागे. पाटोद्याचा सांवळा, ऊसतोड कामगाराचा मुलगा समोर आला कीं तोच पदार्थ नकली. अस्सल तरी काय होतें? मंचूरियन हा पदार्थ मंचूरियांत नाहींच. कलकत्त्यांत जन्मलेल्या नेल्सन वँग यांनीं तो १९७५ सालीं मुंबईंत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्यें आमचेंच आलें, लसूण व हिरवी मिरची घेऊन, गरम मसाल्याच्या जागीं सोया सॉस घालून सिद्ध केला. चेहऱ्यावरून पदार्थाची जात ठरविणें हा निरुपद्रवी विनोद आहे असें कोणी म्हणेल. मला तसें म्हणवत नाहीं. १९६२ च्या युद्धानंतर याच देशांत आसाम-बंगालकडील सुमारें तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, त्यांत म्हातारींकोतारीं व मुलेंहि होतीं, राजस्थानांतील देवळीच्या छावणींत नेऊन ठेविलें. तेथेंहि निष्ठेचा निकाल चेहऱ्यावरूनच लागला होता. माझा अपराध त्या मानानें अगदींच क्षुल्लक, पण तो त्याच कुळांतला आहे.

येथें मन एक बचाव पुढें करतें, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. कांहींतरी खरेंच गेलें होतें. रसाचें स्वरूप सांगतांना भरतानें नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत जेवणाचाच दृष्टांत घेतला आहे: नाना व्यंजनांनीं संस्कारलेलें अन्न खाणारा पुरुष 'सुमनस्', म्हणजे प्रसन्न मनाचा, असला तर त्याला रसांचा आस्वाद मिळतो. खाणाऱ्याचें मन हेंहि पाकक्रियेंतलें एक द्रव्यच म्हणावयाचें. २०२० सालीं मी त्या टेबलाशीं एकटा बसलों होतों. एक मुलगा पुण्यास, दुसरा बंगळूरला. पत्नी दोन वर्षांपूर्वीं वारली. माझें सुमन कोठून यावें? झीज माझ्याकडे झाली होती. तिचें बिल मीं त्याच्या नांवें फाडलें.

तर मग अमुक ठिकाण बिघडलें असें कोणीं कधींच म्हणूं नये काय? असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. तेंच तेल चार दिवस तापविणारे, शिळा भात नव्या सॉसखालीं दडविणारे मालक असतात, आणि त्यांच्याविषयीं गप्प बसणें हा त्यांच्या गिऱ्हाइकांवर अन्याय होईल. पण "तेल जुनें आहे" या वाक्याला उत्तर देतां येतें. तेल दाखवितां येतें, बदलतां येतें. "पूर्वीसारखें नाहीं" याला आरोपीनें काय उत्तर द्यावें? पूर्वी तर साक्षीला येत नाहीं. (आमच्या मासिकांत 'लेखकाची पूर्वीची लेखणी आतां राहिली नाहीं' असें लिहिणाऱ्या परीक्षकांत मीहि आहें, तें प्रकरण आज उघडीत नाहीं.)

मीं प्राध्यापक-कक्षांत जाऊन सगळी हकीकत सांगितली, या वेळीं अलंकार न घालतां. लोकांनीं शांतपणें ऐकून घेतली. शेवटीं एक सहकारी म्हणाले, "तुम्ही कांहींहि म्हणा सर, पण तेथें पूर्वीची मजा नाहीं." निंदा ज्या वेगानें गेली होती त्या वेगानें माघार जात नाहीं असें दिसतें. तेव्हांपासून दर रविवारीं संध्याकाळीं मी तेथें जातों. एकट्या माणसाच्या बिलानें विकलेलीं टेबलें परत येत नाहींत, हें मला ठाऊक आहे.

मागच्या रविवारीं सूप ठेवून तो समोर उभा राहिला. "कसं झालंय, सर?"

मीं दोन चमचे सावकाश घेतले. "मीठ जास्त आहे."

तो आंत गेला, पातेल्यांतून पळीभर सूप काढून फुंकर मारली, चाखलें, आणि दारांतूनच म्हणाला, "हो, आहे की."