फळाची आशा कोणी सोडावी?

खेळाचा आणि परमार्थाचा संबंध काय, असे कोणी विचारील. वारकऱ्याला तरी हा प्रश्न पडू नये. आळंदीहून पंढरपुरापर्यंत पायी चालणारा, वाटेत फुगड्या घालणारा, पावली खेळणारा, पताका खांद्यावर घेऊन रिंगणात धावणारा आपला संप्रदाय. देह झिजविल्यावाचून नुसत्या तोंडच्या गोष्टी आम्हांस कधी रुचल्या नाहीत. मात्र रिंगणात धावताना कोणता वारकरी पहिला आला, हे आजवर कोणी लिहून ठेवलेले नाही.

आमच्या वसई-विरारच्या रस्त्यांवर पहिला कोण हे लिहून ठेवणारी एक धाव आहे. महानगरपालिकेची मॅरेथॉन. ती २०११ साली सुरू झाली. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. बक्षीस मिळते ते पुढच्या थोड्यांना. पण त्यांच्यामागून घामाने निथळत, पाय ओढीत येणारे कितीतरी असतात. बक्षीस मिळणार नाही हे ठाऊक असून ते कशाकरिता धावतात?

ह्या प्रश्नाचा विचार ग्रीक लोकांतल्या एका पंथाने फार खोल केला आहे. ग्रीक म्हणजे वसईकरांना अगदीच परके नव्हेत. आपल्या सोपारा बंदराचे नाव इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात आलेले आहे. अथेन्स शहरात झेनो नावाचा गुरू एका ओसरीत बसून शिकवी. ओसरीला त्यांच्या भाषेत स्टोआ म्हणत, म्हणून ह्या लोकांना स्टोइक नाव पडले. ओसरीवरचे प्रवचनच म्हणा ना!

झेनोचा एक शिष्य क्लिअँथीस. हा मूळचा मुष्टियोद्धा, म्हणजे आखाड्यातलाच गडी. अथेन्सला आला तेव्हा कनवटीला अवघी चार नाणी. रात्री एका बागवानाकडे विहिरीचे पाणी शेंदून बागेला घाली आणि दिवसा गुरूपाशी बसे. लोकांनी त्याला ‘पाणक्या’ म्हणून हिणविले. लिहायला साहित्य विकत घ्यावे तर पैसा नाही, म्हणून गुरूचे बोल शिंपल्यांवर आणि बैलाच्या हाडांवर टिपून ठेवी, असे सांगतात. बुद्धीने मंद, सोबती गाढव म्हणत. तो म्हणे, असेन बुवा, झेनोचे ओझे वाहणारा मी एकटाच आहे! पुढे गुरूमागे ती ओसरी ह्याच पाणक्याच्या हाती आली. पैठणला नाथांच्या घरी कावडीने पाणी वाहणाऱ्या श्रीखंड्याची कथा ज्याने ऐकली आहे, त्याला ह्यात नवल वाटायचे नाही.

स्टोइकांचा दृष्टांत तिरंदाजाचा आहे. नेम नीट धरणे, हात स्थिर ठेवणे, रोज सराव करणे एवढे तिरंदाजाचे. बाण सुटल्यावर आडवा वारा आला तर तो त्याच्या हातचा नव्हे. गीतेतला फलत्याग आपण हरिपाठाइतकाच ऐकत आलो आहोत. फरक आहे तो झाकू नये. स्टोइक फळ सोडतो तो आपल्या विवेकाच्या बळावर. वारकरी ते विठोबाच्या पायांवर ठेवून मोकळा होतो. आम्हांला दुसरी रीत सोपी वाटते, एवढेच.

पण हा उपदेश जितका गोड तितकाच धोक्याचा. कारण तो बहुधा दुसऱ्याला केला जातो! कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हा प्रवासाला पैसे नव्हते. लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी तर आपले राहते घर गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. १९८४ साली ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. ‘खाशाबा, फळाची आशा धरू नका’ असे सांगणारे गावात पुष्कळ मिळाले असते. खर्डेकरांनी उपदेश केला नाही, घर गहाण ठेवले.

आमच्या विरारचा पृथ्वी शॉ लहानपणी वडिलांबरोबर लोकलने बांद्र्याला सरावास जाई. २०१३ साली त्याने हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यात ५४६ धावा केल्या, २०१८ साली राजकोटला पहिल्याच कसोटीत शतक केले. पुढे संघातली जागा गेली तेव्हा लोकांच्या जिभाही तितक्याच सैल सुटल्या. धावांची बेरीज वर्तमानपत्रांनी ठेवली. बापलेकांच्या विरार-बांद्रा खेपांची कोणी ठेवली नाही. अशी पोरे बॅटची पिशवी सांभाळीत गर्दीत आजही उभी असतात. त्यांना कर्मयोग सांगण्याआधी थोडे सरकून बसायला जागा दिली तर बिघडत नाही.

क्लिअँथीसची राहिलेली गोष्ट सांगून टाकतो. दिवसभर गुरूपाशी बसणारा हा धट्टाकट्टा माणूस खातो काय, असा संशय येऊन त्याला न्यायसभेपुढे बोलावले. त्याने साक्षीला दोघांना आणले: एक तो बागवान, आणि दुसरी ती बाई, जिचे पीठ तो करून देई. न्यायाधीश प्रसन्न झाले आणि त्यांनी त्याला भली मोठी रक्कम देऊ केली. झेनोने ती घेऊ दिली नाही. देऊ करणे हे सभेचे काम होते, नको म्हणणे हे गुरुशिष्यांचे. न्यायाधीशच जर म्हणाले असते, की बाबा रे, तू विरक्त, तुला द्रव्य कशाला, तर?