डोंगरावरचा धूर आणि छतावरचा साक्षीदार

तेल्हाऱ्याच्या उत्तरेला सातपुडा आडवा पसरला आहे. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, वारा फिरतो, वणवा लागतो. बांधावर उभ्या शेतकऱ्याला दिसते ती फक्त धुराची रेघ. ज्वाळा दिसत नाही, तरी तो म्हणतो, वर आग लागली.

न्यायदर्शनाने पिढ्यान्‌पिढ्या अनुमान शिकवलं ते नेमकं याच उदाहरणावर. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तही डोंगर आहे, धूर आहे, न दिसणारी आग आहे. धूर तिथे आग, ही खात्री पटते ती स्वयंपाकघरात चूल पाहून.

छताला बसवलेला स्मोक अलार्म हेच अनुमान रात्रंदिवस करत असतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या स्लॅक्स क्रीक इथे 24 ऑगस्ट 2011 च्या रात्री एका घराला आग लागून 11 जण गेले. त्यानंतर तिथल्या क्वीन्सलँड राज्याने कायदा कडक केला. 1 जानेवारी 2022 पासून तिथल्या भाड्याच्या प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले अलार्म लागतात, अगदी प्रत्येक झोपायच्या खोलीत. एक वाजला की सगळे वाजतात.

या जोडणीत तत्त्वज्ञानाचा एक अवघड प्रश्न आहे. बैठकीतल्या अलार्मने धूर ओळखला, म्हणजे त्याने अनुमान केलं. झोपायच्या खोलीतल्या अलार्मपर्यंत धूर पोचलेलाच नाही. तो ओरडतो तो दुसऱ्याच्या शब्दावर. न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, याला शब्दप्रमाण म्हणतात, आणि त्याला एक अट घालतात: सांगणारा आप्त हवा, जसं आहे तसं सांगणारा. साखळीतला एक खोटं बोलला की सगळं घर खोटं बोलतं.

रात्री दोनला सगळे अलार्म एकदम वाजतात आणि धूर कुठेच नसतो, तेव्हा नेमका हाच गोंधळ असतो. मग पहिला बोलणारा शोधायचा. बहुतेक बनावटींमध्ये सुरुवात करणाऱ्याचा लाल दिवा लुकलुकतो, बाकीचे नुसते वाजतात. तो न्हाणीघराच्या दाराशी असेल तर वाफ, कोपऱ्यात असेल तर धूळ किंवा आत शिरलेला बारीक किडा. वय 10 वर्षांवर गेलं असेल तर तो बदलायलाच हवा. आत प्रकाशाचा एक झोत असतो. धुराच्या कणांनी तो विखुरला की घंटा वाजते, पण वाफेनेही तो विखुरतो. वाफेला धूर समजण्याची ही चूक जुन्या तर्कशास्त्रालाही ठाऊक होती. तिथे धूर आणि आगीचा नियम खोटा ठरत नाही. धूरच नव्हता, एवढंच. म्हणून उपाय नियमावर नाही, साक्षीदारावर करायचा: मऊ ब्रशने धूळ काढणं, जागा बदलणं, मुख्य वीज चालू असल्याचा हिरवा दिवा पाहणं, आतली राखीव बॅटरी नवी घालणं.

पण हे सगळं नंतर. आधी काय? मीमांसा दर्शनाचे पंडित म्हणतात, ज्ञान खोटं ठरेपर्यंत खरंच धरावं. नैयायिक म्हणतात, खरेपणा कृतीच्या यशावरून कळतो. मात्र पाऊल उचलायला त्यांनाही नुसता संशय पुरतो. एरवी कडाकडा भांडणारी ही दोन दर्शनं इथे एकाच दाराशी येतात. आधी मुलांना घेऊन बाहेर पडा, तपास मग करा.

खरा अधर्म वेगळाच आहे. दोनदा उगाच वाजला म्हणून अलार्मवर पिशवी बांधणं, बॅटरी काढून ठेवणं. भाडेकरू कंटाळून ते करतो, मालक कळवूनही येत नाही, आणि साक्षीदाराचं तोंड दोघं मिळून बंद करतात. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2022 पासून बिघाड कळवल्यावर दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे. क्वीन्सलँडमध्ये नवा भाडेकरू येण्यापूर्वीच्या 30 दिवसांत मालकाने तपासायचं, पुढे वर्षातून एकदा भाडेकरूने. ही वाटणी योग्य वाटते, कारण झोपलेल्याचा जीव दोघांच्याही हवाली असतो. असे हवाली केलेले जीव रुग्णालयातही असतात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या रात्री कक्षातून येणारा धूर एका परिचारिकेला दिसला. आत 17 नवजात बाळं होती. सात वाचली, दहा गेली. धूर कोणाच्या तरी नजरेस पडेपर्यंत किती वेळ गेलेला असतो, हा प्रश्न त्या रात्रीपासून महाराष्ट्राच्या छातीवर आहे.

धुराच्या साक्षीलाही मर्यादा आहे. कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या चुलीत घातल्या की घर धुराने भरतं, चांगल्या वाळलेल्या जवळपास बिनधुराच्या जळतात. नैयायिकांचं उदाहरण तापलेल्या लोखंडी गोळ्याचं: आग आहे, धूर नाही. आणि ज्या स्वयंपाकघरात धूर व आगीचं नातं शिकायचं, तिथे फोडणीच्या धुराने अलार्म रोज वाजेल, म्हणून स्कॉटलंडच्या नियमांत तिथे उष्णता ओळखणारा अलार्म सांगितला आहे. तेजाची खूण उष्ण स्पर्श, असं तर्कसंग्रहही म्हणतो.

सातपुड्यावरही आता तीच खूण वापरतात. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाने टिपलेल्या उष्णतेची सूचना वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर पाठवतं. ती वणव्याची की कोणी शेतात पेटवलेल्या धसकटांची, हे पाहायला कोणीतरी उन्हात चालत वर जातं.